थांबलेली गाडी तापते : सोलापूरहून जुन्या स्पोर्ट्स कारचा दोन दिवसांचा फेरा

(दृश्य : बॉनेट उघडं. डिस्ट्रिब्युटरची टोपी बाजूला काढलेली. फीलर गेजची पाती पॉइंटच्या फटीत सरकते आहे.)

पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर. शनिवारी सकाळी सोलापूर सोडायचं असेल, तर पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांची, ही फट शुक्रवारी संध्याकाळीच तपासून ठेवायची. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणायची आणि मगच मोजायचं. पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. टाच झिजते तशी फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, आणि टायमिंग मागे पडलेलं इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं.

सोलापुरात जुनी स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याचा सगळा विचार या तापण्याभोवतीच फिरतो. इथला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये या गाड्या बाहेर काढण्यात अर्थच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे यांचे महिने. पण थंडीतही दुपारचं ऊन कडक असतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलेली आहे : चालती गाडी सहसा तापत नाही, थांबलेली तापते. म्हणून या दोन दिवसांच्या फेऱ्याची आखणी करताना कुठे जायचं यापेक्षा कुठे आणि किती वेळ थांबायचं, हे आधी ठरतं.

(दृश्य : तीन गाड्या एका रांगेत. स्पोकच्या चाकांवर कॅमेरा सरकतो.)

ताफ्यात तीन ब्रिटिश गाड्या आहेत. पहिली 1952 ची एमजी टीडी : 1250 सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुसरी 1965 ची एमजीबी : 1798 सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. तिसरी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, 1296 सीसीची. मागे एक पिकअप आहे. तिच्यात टो करायचा पट्टा, 10 लिटर पाणी, 2 लिटर ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि सुट्या भागांची पेटी. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी 2 किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक नळकांडं असतं. ते डिकीत सामानाखाली ठेवलं तर वेळेला उपयोगी पडत नाही.

स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड या मोटारीच्या चेसिसवर बेतलेली आहे. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला 1961 पासून बनत होती, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना या गाडीचा पुढचा सांगाडा अनोळखी नाही. तरीही एक चूक हमखास होते. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये (आटे असलेल्या सांध्यात) आट्यांवर फिरतो. तिथे ईपी 90 गिअर ऑइल भरायचं असतं, पण निपल दिसला की हात ग्रीस गनकडे जातो. ग्रीस घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र शिरतं. दांडा गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटतो, चाक बगलेत दुमडतं. निघण्याआधी दोन्ही बाजूंना ट्रनियनच्या वरच्या सीलमधून ताजं ऑइल बाहेर डोकावेपर्यंत भरा. पाच मिनिटांचं काम आहे आणि या गाडीत याहून महत्त्वाचं दुसरं काम नाही.

स्पोकच्या चाकांचं गणित वेगळं. मधला पंखांचा नट तांब्याच्या हातोडीने ठोकतात. लोखंडी हातोडी लावली की क्रोम उडतं आणि पंख वाकतात. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने ठोकलं की नट सुटतो. उलट ठोकलं की आवळतो. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूचे आटे वेगळे असतात. दुरुस्तीत हब इकडचे तिकडे बसले, तर नट चालता चालता सैल होत जातो. हबच्या खाचांना ग्रीसचा पातळ हात द्यायचा, आणि चाक नव्याने बसवलं असेल तर पहिल्या 40-50 किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून पाहायचं. आत ट्यूब लागते. हवा भरताना पंपावरच्या मुलाला आकडा सांगा, नाहीतर तो सवयीने 32-35 भरतो. उघड्या एमजीबीला पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय पुरतात. एवढ्या हलक्या गाडीत हवा जास्त झाली की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट स्पोकवर येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 1521 म्हणजे 2021 सालचा पंधरावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडचं रबर या फेऱ्याला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. ती 10 वर्षांची असते, शुल्क 20 हजार रुपये. पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर येते. साध्या सहलीला निघायचं तर जुनीच नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवलेली बरी. विमा आणि पीयूसी सोबत हवेतच.

(दृश्य : सकाळ. सूर्य नुकताच वर आलेला. तुळजापूर रस्ता.)

शनिवारचा फेरा : सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट आणि परत. साधारण 160 किलोमीटर. दिशा मुद्दाम अशी ठेवली आहे. बालाघाटाच्या कडेचा चढ सकाळच्या गारव्यात संपतो, आणि दुपारी उरतो तो मोकळा, सपाट रस्ता. सूर्य वर आल्याशिवाय निघायचं नाही. ऊस पट्ट्यात हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना, रिफ्लेक्टर नसताना रस्त्यात असतात. 1965 च्या एमजीबीला डायनॅमो आहे. गाडी हळू चालली की तो चार्जच करत नाही, त्यात हेडलाइट आणि वायपर एकदम लावले तर बॅटरी उतरत जाते. बॅटऱ्याही दोन, 6-6 व्होल्टच्या, सीटच्या मागे फळीखाली. तिथलं पाणी पाहायला फळी उचलावी लागते, म्हणून कोणी पाहत नाही. या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, हेही लक्षात ठेवा. कोणी मदतीला येऊन नेहमीच्या सवयीने जंपर लावला, किंवा आतून धातूचा सांगाडा असलेला मोबाइल चार्जर खोचला, तर वायरिंग जळतं. बॅटरीजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असावी.

वेग सगळ्यांत हळू गाडीचा. एमजीबी टॉप गिअरमध्ये 80 ला सुमारे 2800 आरपीएमवर चालते, टीडी त्याच वेगाला साडेतीन हजारांच्या आसपास जाते. म्हणून टीडी पुढे, ताशी 65-70 धरून. पिकअप शेवटी. मधलं अंतर तीन सेकंदांचं. चार ड्रमवरची गाडी आजच्या गाडीसारखी जागेवर थांबत नाही, आणि आपल्या दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मोटारसायकल शिरणारच, हे धरून चालायचं.

तामलवाडीच्या टोलनाक्यावर रांग असेल तर रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहू नका. अलीकडे कडेला थांबून रांग सरकू द्या. या गाड्यांचा पंखा इंजिनच्याच जोरावर फिरतो, गाडी रांगेत आयडलवर असली की वाराही कमी आणि पाण्याचा पंपही मंद.

घाटात गिअर उतरवताना संकोच नको. टॉप गिअरमध्ये दोन हजाराखाली रेटत नेण्यापेक्षा तिसऱ्यात तीन हजारावर नेली की पंखा आणि पंप दोन्ही जोरात चालतात आणि काटा स्थिर राहतो. अनेक जण गरमीच्या भीतीने थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. ते करू नये. थंडीत इंजिन मग कधीच नीट तापत नाही, ऑइल जाड राहतं आणि झीज वाढते. उष्ण हवामानासाठी 74 अंशांचा थर्मोस्टॅट मिळतो, तो लावावा. खरी कसोटी रेडिएटरच्या झाकणाची. दर 1 पीएसआय दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला, आणि पाणी शंभराच्या आतच उकळतं. झाकण नवीन घ्या, बोअरचं पाणी भरू नका. क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात आणि हे बाहेरून दिसत नाही.

तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळायचं. कोजागरीला तर सोलापूरहून पायी निघालेल्या भाविकांनी हा सगळा रस्ता भरलेला असतो, तेव्हा गाडी घरीच शोभते. एरवी गाड्या गावाबाहेर ठेवाव्यात. थांबताना लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करून बॉनेट उघडा. इंजिन बंद झालं की पाणी फिरणं थांबतं, पण ओतीव लोखंडातली उष्णता बाहेर येतच राहते. पहिल्या दहा मिनिटांत इंजिनभोवतीची हवा चालत्या गाडीपेक्षा जास्त गरम होते.

(दृश्य : नळदुर्ग. बोरी नदीवरचा बंधारा, पाणीमहाल. वाहनतळावर उघडी बॉनेटं.)

नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. बोरी नदी अडवणाऱ्या भिंतीच्या पोटात खोल्या बांधल्या आहेत, आणि पावसाळ्यात बंधारा भरला की नर-मादी धबधबे सुरू होतात. थंडीत ते कोरडे असतात, पण महाल निवांत पाहता येतो. तास-दीड तास लागतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी इथेच सोडायची.

आणि इथेच गाडी चालू होत नाही. हा फेऱ्यातला सगळ्यांत हमखास प्रसंग, म्हणून थोडं थांबून पाहू.

ऊन, तासभराचा थांबा, स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. चोक ओढू नका. आधी ठरवा : पेट्रोल की करंट? कॉइलची मधली जाड वायर टोपीतून काढा, रबरी हातमोजा घालून तिचं टोक ब्लॉकपासून 6 मिलिमीटरवर धरा, आसपास पेट्रोलचा थेंब नाही याची खात्री करा आणि स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड, कडकडीत आली तर करंट ठीक आहे. पिवळी, बारीक, अधूनमधून आली तर दोष इग्निशनमध्ये. पॉइंटवरच मोठी ठिणगी उडताना दिसली तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे ही ठिणगी शोषून घेणाऱ्या छोट्या डबीचा. गरम झाला की बसणारा आणि गार झाला की पुन्हा चालणारा कंडेन्सर लोकांना पेट्रोलचाच दोष वाटतो, आणि मग कार्ब्युरेटर विनाकारण उघडला जातो. पेटीत कंडेन्सर आणि रोटर ठेवताना नवे, न वापरलेले ठेवू नका. आधी गाडीत लावून शंभर किलोमीटर चालवून पाहिलेले ठेवा. हल्ली मिळणाऱ्या या दोन वस्तूंचा दर्जा फार खालावला आहे.

करंट ठीक असेल तर एमजीबीत फक्त कान द्या. चावी दिली की मागच्या उजव्या चाकाजवळचा एसयू पंप टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. टिकटिक थांबतच नसेल तर टाकी रिकामी किंवा कुठेतरी हवा घेतोय. टिकटिकच नसेल तर पंपाचे पॉइंट जळाले. पान्याच्या मुठीने हलकी टिचकी मारा, घरापर्यंत चालेल. स्पिटफायरचा पंप इंजिनलाच लावलेला, म्हणून तोच आधी तापतो आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, पंपाची हाताची दांडी मारून पेट्रोल वर आणा.

आता पेट्रोल पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि बुचाच्या गॅसकेटी त्याने फुगतात आणि भेगाळतात. गाडीतल्या पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप व्हिटॉनचे (इंधनाने न फुगणाऱ्या रबराचे) करून घेतल्याशिवाय या गाड्या लांब नेऊ नयेत. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलची धार पडली तर काय होईल हे सांगायला नको.

पाने घेताना काळजी घ्या. एमजीबी आणि स्पिटफायरला इंची पाने लागतात. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण 0.3 मिलिमीटरने सैल असतो आणि नटाचे कोपरे खातो. टीडीचं इंजिन त्याहून विचित्र : आटे मेट्रिक, डोकी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाची). 8 मिलिमीटरच्या बोल्टचा आटा 1 मिलिमीटरचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो सव्वाचा. तो जबरदस्तीने आवळला की ब्लॉकमधले आटे जातात. टीडीचे बोल्ट घरूनच न्यायचे.

नळदुर्गहून अक्कलकोट आडव्या रस्त्याने. गावागावांत उंच गतिरोधक आहेत. एमजीबीचा सायलेन्सर जमिनीपासून जेमतेम पाच इंच. गतिरोधक तिरका, एकेक चाक चढवत घ्या, आणि शेजारच्या सीटवरच्याला उतरवायला लाजू नका. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, राजवाड्यातलं शस्त्रागार आणि चहा. तिथून सोलापूर 40 किलोमीटरच्या आत आहे. दिवे लावायची वेळ येण्याआधी पोचायचं.

(दृश्य : रविवार सकाळ. ज्वारीची शेतं. भीमा-सीना संगम.)

रविवार हलका. विजापूर रस्त्याने हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना यांचा संगम. तिथल्या मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. हमरस्ता सोडल्यावर शेतांमधला रस्ता धुळीचा. काळ्या रानाची ही बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये तर बसतेच, पेट्रोलमध्ये शिरली तर कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या, पेट्रोल अडवणाऱ्या सुई-व्हॉल्व्हखालीही जाते, मग वाटी भरून वाहते. वाटीला स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं की बहुतेक वेळा कचरा सुटतो. वाटेत कोणाच्या रानात हुरडा चालू असेल तर थांबा. हिवाळ्यातली मोकळी सकाळ, उघडं छत आणि दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी. यासाठीच एवढी मेहनत.

दुपारी परतल्यावर इंजिन गरम असतानाच शेवटचं काम करायचं. प्लग काढून पाहा. टोक पांढुरकं असेल तर मिश्रण पातळ आहे. 20 टक्के इथेनॉलला पूर्ण जळायला साधारण 7-8 टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या सेटिंगवर हे होतंच. आधी दोन्ही कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनचा झटका दाबणाऱ्या नळीत) 20 ग्रेडचं ऑइल आहे का पाहा, नसेल तर पेडल दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक उगीच मिश्रणाला दोष देतात. मग खालचा जेट नट एक फ्लॅट, म्हणजे एक षष्ठांश फेरा, खाली करा. दोन्ही कार्ब्युरेटरना सारखाच. आता प्लग बसवून इंजिन आयडलवर ठेवा आणि कार्ब्युरेटरचा पिस्टन उचलायची पिन जेमतेम 1 मिलिमीटर वर करा. इंजिन वेग वाढवून तसंच राहिलं तर मिश्रण जाड झालं, नट अर्धा फ्लॅट परत घ्या. इंजिन गुदमरून बंद पडायला लागलं तर अजून पातळ आहे, आणखी एक फ्लॅट खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा आपल्या लयीत आलं, तर तिथेच सोडा. मग दुसऱ्या कार्ब्युरेटरची पिन.