मथळा कानाने तपासावा

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बातम्या सुरू होतात तेव्हा निवेदक आधी ठळक बातम्या वाचतो. त्या नीट ऐकल्यात तर लक्षात येईल, की प्रत्येक ठळक बातमी हे पूर्ण वाक्य असतं. कोणी, काय, कुठे, आणि शेवटी रीतसर क्रियापद. ‘झाला’, ‘केली’, ‘करण्यात आलं आहे’. वर्तमानपत्राच्या मथळ्याला ही चैन परवडत नाही. त्याला कॉलमची रुंदी असते, टाइपाचा आकार असतो, आणि पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात. मग उपसंपादक वाक्याचा एकेक अवयव कमी करू लागतो. आधी ‘आहे’ जातं, मग ‘करण्यात येणार’ जातं, मग कर्ता जातो, आणि हात थांबला नाही तर प्रत्ययही जातात. उरतं ते कधी नेमकं असतं, कधी हसू आणणारं, आणि कधी चक्क उलट्या अर्थाचं.

मी बरीच वर्षं रात्रपाळीत डेस्कवर बसून मथळे दिले. त्याबद्दल रेडिओवर बोलायला मिळतंय याचा मला विशेष आनंद आहे. कारण छापायच्या मथळ्यातली खोट डोळ्याआधी कानाला कळते, असं माझं जुनं मत आहे. डोळा चुकलेलं दुरुस्त करून वाचतो. लिहिणाऱ्याचा डोळा तर हमखास तसं करतो, कारण त्याने बातमी वाचलेली असते. वाचकाने ती वाचलेली नसते.

मथळा हा प्रकार वर्तमानपत्राइतका जुना नाही. लंडनच्या ‘द टाइम्स’चं पहिलं पान ३ मे १९६६च्या आधी छोट्या जाहिरातींनी भरलेलं असे, बातम्या आत. ज्यांनी मथळे लवकर सुरू केले, त्यांनाही ते जमायला वेळ लागला. १५ एप्रिल १८६५चा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ घ्या. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आहे, आणि सगळ्यात वरची ओळ काय? ‘भयंकर घटना’. कोणावर हल्ला झाला, कोणी केला, हे त्याखालच्या ओळींत. त्याच वर्तमानपत्राने २१ जुलै १९६९ रोजी जो मथळा दिला, त्यात इंग्रजीचे चारच शब्द होते. अर्थ एवढाच, की माणसं चंद्रावर चालली. ‘ऐतिहासिक’ नाही, ‘अभूतपूर्व’ नाही, ‘मानवजातीची गगनभरारी’ तर नाहीच. पहिला मथळा सांगतो की तुम्हाला काय वाटायला हवं. दुसरा सांगतो की काय झालं. वाटायचं काम त्याने वाचकावर सोडलं आहे, आणि वाचकाला ते उत्तम जमतं.

आता हा चार शब्दांचा मथळा मराठीत आणून पाहा. ‘मानव चंद्रावर’. दोनच शब्द झाले, आणि क्रियापद गायब. तरी अर्थ पोहोचला, कारण ‘चंद्रावर’मधल्या ‘वर’ने क्रियापदाचं काम केलं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला लागून येतं, म्हणून तिथे शिकवतात की मथळ्यात जोरकस क्रियापद ठेवा. मराठीत ते वाक्याच्या टोकाला असतं. कॉलम संपला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते, आणि बहुतेक वेळा चालूनही जातं. पण प्रत्यय गेला, किंवा चुकीचा लागला, की मथळा कोसळतो. ‘शिक्षकाला मारहाण’ आणि ‘शिक्षकाची मारहाण’ यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात शिक्षकाने मार खाल्ला, दुसऱ्यात त्यानेच दिला.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका मुख्याध्यापकांना काही लोकांनी शाळेत घुसून मारलं होतं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी निषेध सभा घेतली. बातमी रात्री उशिरा आली, दोन कॉलम जागा होती, आणि मी मथळा दिला, ‘मुख्याध्यापकांच्या मारहाणीचा निषेध’. मला तो अगदी स्वच्छ वाटला. सकाळी ते गृहस्थ कार्यालयात आले. कपाळाला पट्टी, हातात घडी घातलेला अंक. आवाज चढवला नाही. अंक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “जरा मोठ्याने वाचा.” मी वाचला. वाचता वाचताच कळलं, की हा मथळा ऐकणाऱ्या दहापैकी पाच माणसांना वाटेल की मारहाण यांनीच केली. बातमी खाली खरी होती, पण बातमी वाचतो कोण? त्यांच्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी फक्त मथळा वाचला होता. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. तो सिंगल कॉलममध्ये, लहान टाइपात, आतल्या पानावर. खुलासे तिथेच छापले जातात.

तेव्हापासून ‘फसवणुकीचा’, ‘छळाचा’, ‘आरोपाचा’, ‘हत्येचा’ असे शब्द आले आणि त्यांच्याआधी ‘च्या’ लागला, की मी थांबतो. ‘डॉक्टरांच्या फसवणुकीचा गुन्हा’. फसवलं कोणी, फसलं कोण? जागा नसेल तर टाइप लहान करा, पण हा प्रश्न शिल्लक ठेवू नका.

दोन ओळींचा मथळा असला की आणखी एक सापळा असतो. ओळ कुठे तुटते तो. समजा मथळा आहे, ‘पूल धोकादायक नाही असे सांगणाऱ्या अभियंत्यावर कारवाई’. पानावर पहिली ओळ ‘नाही’पाशी तुटली, तर वरच्या ओळीत ठसठशीत अक्षरांत उरतं, ‘पूल धोकादायक नाही’. धावत्या नजरेने वाचणारा तेवढंच घेऊन पुढे जातो, आणि कदाचित पुलावरही जातो. नकार आणि त्याच्याशी बांधलेला शब्द एका ओळीत राहिले पाहिजेत, आणि वरची ओळ एकटी वाचली तरी खोटी ठरता कामा नये. ‘अभियंत्यावर कारवाई’ वर घेतलं की हा प्रश्न सुटतो. पान लावणाऱ्याला याचा राग येतो, कारण ओळी लहानमोठ्या दिसतात. येऊ द्यावा.

आता मथळ्यांच्या त्या खास बोलीकडे येतो. दणका, चपराक, ताशेरे, घूमजाव, साकडे, एल्गार, खडाजंगी, धाबे दणाणले. आटोपशीर, अक्षरांनी वजनदार शब्द आहेत, कॉलममध्ये झकास बसतात, म्हणून डेस्कला लाडके. पण घरात कोणी असं बोलतं का? ‘आईने बाबांवर ताशेरे ओढले, बाबांचे घूमजाव’ असं कोणत्या घरातलं मूल सांगतं? तरी माझी खरी तक्रार कृत्रिमपणाची नाही. हे शब्द माहिती झाकतात. ‘न्यायालयाचा महापालिकेला दणका’. म्हणजे काय केलं न्यायालयाने? दंड केला, स्थगिती दिली, निविदा रद्द केली, की नुसती कानउघाडणी केली? या चारांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ‘दणका’ चारही ठिकाणी बसतो. जो शब्द कुठल्याही बातमीवर बसतो, तो या बातमीबद्दल काहीच सांगत नसतो. ‘निविदा न्यायालयाकडून रद्द’ यात आवाज कमी आहे, पण वाचकाच्या हातात काहीतरी पडतं. ‘दणका’ मीही खूप वापरला, हे कबूल करतो. पहाटे दीड वाजता तो फार जवळचा वाटतो.

मथळा बातमीच्या पुढे किती जाऊ शकतो? ३० ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने दिलेला मथळा आजही पत्रकारितेच्या वर्गांत सांगतात. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, आणि केंद्र सरकार त्याला वाचवणार नाही, असं अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी आदल्या दिवशी भाषणात सांगितलं. मथळ्याचा अर्थ होता, ‘फोर्ड शहराला म्हणतात, खुशाल मरा’. हे शब्द फोर्ड यांनी उच्चारलेच नव्हते. मथळा अमर झाला, आणि फोर्ड यांना तो कायमचा चिकटला. कारागिरी म्हणून मी त्याला दाद देतो. पण माझ्या हाताखालच्या मुलाने तो दिला असता तर मी बदलला असता. ‘म्हणतात’ हा शब्द आला की पुढचे शब्द त्या माणसाचे असायला हवेत. आपला अर्थ त्याच्या तोंडी घालायचा नाही.

घाईचा मासला म्हणजे ३ नोव्हेंबर १९४८चा ‘शिकागो ट्रिब्यून’. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, आणि मथळा, ‘ड्यूई यांनी ट्रुमनना हरवले’. त्या दिवसांत तिथे छपाई कामगारांचा संप चालू होता, अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला सोडावा लागे, आणि मतमोजणी पूर्ण व्हायच्या आत अंदाजावर मथळा दिला गेला. निवडून आले ट्रुमन. तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचं छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिलं असेल. मतमोजणी चालू असेल तर ‘आघाडीवर’ हा शब्द आहे. तो बचावासाठी नाही, खरेपणासाठी आहे. ‘चोर पकडला’ आणि ‘चोरीच्या संशयावरून तरुणाला अटक’ यांतही तोच फरक आहे. लांबी दुप्पट होते, हे मान्य.

यावर कोणी म्हणेल, बातमी पूर्ण वाचली की मथळ्याने झालेला गैरसमज दूर होतोच. तसं होतंच असं नाही. मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना बातम्या पूर्ण वाचायला दिल्या होत्या, फक्त काहींचे मथळे दिशाभूल करणारे होते. पुढे त्या बातमीतलं काय आठवतं आणि त्यावरून माणूस काय निष्कर्ष काढतो, यावर मथळ्याची छाप उरली. म्हणजे मथळा हा नुसता दरवाजा नाही. आत शिरल्यावर काय दिसेल तेही तो ठरवतो.

प्रश्नार्थक मथळ्यांचं काय, असं मला नवे उपसंपादक विचारतात, आणि लगेच ‘केसरी’चा दाखला देतात. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ जुलै १८९७. रँडवरच्या गोळीबारानंतर सरकारने पुण्यावर जो वरवंटा फिरवला, त्यावरचा टिळकांचा अग्रलेख. मराठीत याहून प्रसिद्ध मथळा नसेल. पण तो अग्रलेखाचा मथळा आहे, बातमीचा नाही. तिथे प्रश्न हीच भूमिका आहे, आणि उत्तर काय हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. बातमीवर ‘करवाढ होणार का?’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की आम्हाला कळलेलं नाही, पण तुम्ही वाचा.

हा रोग आता मोबाइलवर फोफावला आहे. तिथे कॉलमची अडचण नाही, तरी नाव लपवतात. ‘‘या’ अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय’, ‘‘हा’ पदार्थ चुकूनही खाऊ नका’, ‘नेमकं प्रकरण काय? जाणून घ्या’. अवतरणात बसलेले हे ‘या’ आणि ‘हा’ मराठी पत्रकारितेने आजवर वापरलेली सगळ्यात वाईट सर्वनामं आहेत. जी एक गोष्ट सांगायची, तीच काढून तिथे खिट्टी ठोकलेली. आणि हे शहाणपणाचंही नाही. माणूस बातमी शोधतो ती नावाने शोधतो, ‘या’ने नाही.

आता आपण मिळून एक मथळा देऊ या. बातमी अशी. नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांना भेगा पडल्या आहेत. दुरुस्तीसाठी तो सोमवारपासून ४० दिवस वाहतुकीला बंद राहील. पायी चालणाऱ्यांना सोडतील. शाळेच्या बस वळसा घालून जातील, त्यामुळे त्या अर्धा तास आधी निघतील. अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत हे सांगितलं.

पहिला खर्डा, ‘पुलाबाबत प्रशासनाचा मोठा निर्णय’. यात निर्णय सोडून सगळं आहे. दुसरा, ‘जुना पूल दुरुस्तीसाठी बंद राहणार’. बरा आहे, पण कधीपासून, किती दिवस? वाचकाला उद्या तिकडून जायचं असेल तर तो चिंतेत. तिसरा, ‘जुना पूल सोमवारपासून ४० दिवस बंद’. ‘दुरुस्ती’ गेली, चालेल, ती पहिल्या परिच्छेदात येईल. ‘वाहतुकीला’ गेलं, ते मात्र नाही चालणार, कारण पायी जाणाऱ्याला वाटेल आपणही अडकलो. म्हणून ‘जुना पूल सोमवारपासून ४० दिवस वाहनांना बंद’. आणि खाली उपमथळा, ‘शाळेच्या बस अर्धा तास आधी निघणार’. खरं तर ज्या घरात शाळकरी मूल आहे, तिथे हा उपमथळाच मथळा आहे.

हे भाषण लिहून झाल्यावर मी हा मथळा घरी मोठ्याने वाचून दाखवला. जरा अभिमानानेच वाचला. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “जुने पूल दोन आहेत. त्यातला कोणता?”