एफसीसी की हायड्रोक्रॅकर? उत्तर लातूरच्या डाळ मिलमध्ये

नमस्कार मंडळी. मागचा खडखडाट डाळ मिलचा आहे, लातूरच्या एमआयडीसीतला. रिफायनरीचा व्हिडिओ आणि हा गडी इथं काय करायलाय, असं म्हणाल. थांबा, सांगतो.

(मूठभर तूर कॅमेऱ्यासमोर)

ही तूर. भरडली की डाळ निघते, थोडी चुनी निघते, टरफल निघतं. रिफायनरीत कच्चं तेल तापवून पेट्रोल-डिझेल काढून घेतलं, तरी खाली जड तेल उरतं. त्याचे रेणू लांबलचक, ते फोडायचे. यालाच क्रॅकिंग म्हणतात. ते करणारी दोन युनिटं म्हणजे एफसीसी आणि हायड्रोक्रॅकर. डाळ म्हणजे पेट्रोल, चुनी म्हणजे गॅस. आणि टरफल म्हणजे कोक, जवळजवळ नुसता कार्बन. सगळी भानगड या टरफलाची आहे बघा.

कोक कॅटॅलिस्टवर, म्हणजे रेणू फोडायला मदत करणाऱ्या पदार्थावर, बसतो आणि त्याचं काम बंद पाडतो. यूजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरनं १९३०च्या दशकात पहिली युनिटं चालवली, त्यात कॅटॅलिस्ट एकाच जागी असायचा. काही मिनिटांत त्याच्यावर कोकची काजळी धरायची. मग तेल बंद करा, हवा सोडून काजळी जाळा, पुन्हा तेल सुरू करा. नुसता व्हॉल्व्हचा खेळ.

१९४२ साली अमेरिकेत बॅटन रूजला पहिलं फ्लुइड युनिट सुरू झालं. तेच एफसीसी, म्हणजे फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग. यात कॅटॅलिस्टची पिठासारखी पूड असते, कण साधारण ७० मायक्रॉनचा. खालून वाफ किंवा हवा लागली की ही पूड चक्क पाण्यासारखी वाहते. आजच्या युनिटात तेल आणि गरम पूड उभ्या पाइपातून वर जातात आणि दोन-चार सेकंदांत काम आटोपतं. वर सायक्लोन असतात. तिकडं मिलच्या छपरावर ते पत्र्याचं नरसाळं दिसायलंय ना, धूळ वेगळी करणारं? तेच तत्त्व. वेगळी झालेली पूड रिजनरेटरमध्ये जाते, तिथं ७०० अंशांच्या आसपास कोक जळतो, आणि तापलेली पूड परत येऊन नव्या तेलाला उष्णता देते. आपला साखर कारखाना बगॅस जाळून स्वतःची वाफ करतो, तसंच. मला तर या यंत्राचं सगळ्यात भारी हेच वाटतं, टरफलावर मिल चालते!

फारच जड तेल घातलं की काजळी वाढते, उष्णता आवरत नाही. मग पूड थंड करायला कूलर बसवतात. ते रेसिड एफसीसी, म्हणजे तळाच्या जड तेलाचं एफसीसी.

आता हायड्रोक्रॅकर. हा टरफल जवळजवळ होऊच देत नाही. तुटलेल्या टोकांना लगेच हायड्रोजन चिकटवतो. पण त्यासाठी दाब लागतो १०० ते २०० बार. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून रिॲक्टर जाडजूड पोलादाचा, खर्च दांडगा. एफसीसीत रेणू फोडायला गरम पुडीनं उष्णता पुरवावी लागते, इथं उलट ती तयार होते. तापमान हाताबाहेर जाऊ नये म्हणून मधेमधे थंड हायड्रोजन सोडतात. कॅटॅलिस्ट मात्र वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

मग चांगलं कोणतं? तुम्हाला काय पाहिजे त्यावर आहे. एफसीसी पेट्रोल, एलपीजी आणि प्लास्टिकसाठीचं प्रॉपिलीन देतं. त्याचं डिझेल मात्र अगदीच सुमार, सिटेन, म्हणजे इंजिनात पटकन पेट घेण्याचा गुण, फार कमी. हायड्रोक्रॅकर ट्रॅक्टरला चालणारं स्वच्छ डिझेल आणि विमानाचं इंधन देतो. आपल्या देशात पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल लागतं, त्यामुळं माझा कौल हायड्रोक्रॅकरला. पण घरी सिलिंडर संपला की मत बदलतं. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत दोन्ही आहेत.

एक गोष्ट राहिली. एफसीसीच्या चिमणीतून जळलेल्या कोकचा कार्बन डायऑक्साइड निघतो, तो थेट त्याच्याच चिमणीतून येतो म्हणून एफसीसीला नावं ठेवतात. हायड्रोक्रॅकरचा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनवतात, आणि तिथंही कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. फक्त चिमणी शेजारच्या युनिटची.