लॉजच्या दारात पुन्हा उभे राहताना

मित्रहो, फ्रीमेसन या बंधुत्वाच्या जुन्या संघटनेच्या लॉजमधून, म्हणजे स्थानिक शाखेतून, सभासद जसे गळतात, तसे वर्षांनंतर परत येऊ पाहणारेही पुष्कळ असतात. पण गळतीवर जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशही परतीवर बोलले जात नाही. म्हणून आजचे विवेचन मी परतीपुरतेच ठेवणार आहे. परत येणाऱ्याने काय गमावले आहे आणि काय त्याच्याकडे अजून शाबूत आहे, याचा हिशेब ना तो स्वतः नीट मांडतो, ना त्याचे लॉज. आणि त्यामुळेच बरीच माणसे दारापर्यंत येऊन मागे फिरतात, असे माझे मत आहे.

गमावलेले असते ते सभासदत्व. इंग्लंडमधल्या लॉजांची सर्वोच्च संस्था असलेल्या युनायटेड ग्रँड लॉजचा नियम याबाबत स्पष्ट आहे: पूर्ण दोन वर्षे वर्गणी थकली की सभासदत्व आपोआप संपते, आणि ते पुन्हा मिळवायचे तर नुसती थकबाकी भरून भागत नाही, प्रस्ताव आणि गुप्त मतदान या रीतसर मार्गानेच जावे लागते. मतपेटीत विरोधाचे तीन काळे गोळे पडले, तर जुना माणूसही बाहेरच राहतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे ग्रँड लॉज स्वतंत्र असल्याने नियमांत फरक आढळतो. तरी वर्गणी थकल्यामुळे निलंबित झालेला आणि सर्व देणी चुकती करून तसा दाखला घेऊन गेलेला, असा भेद तिथेही केला जातो.

दीक्षेचे मात्र तसे नाही. एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन या तीन पायऱ्या ज्याने एकदा ओलांडल्या, त्याला त्या कितीही वर्षांनी पुन्हा चढाव्या लागत नाहीत. गुपित राखण्याचे आणि अडचणीतल्या बंधूला मदत करण्याचे जे वचन त्याने दिले, ते वर्गणीच्या वहीत त्याचे नाव नसलेल्या काळातही त्याच्यावर बंधनकारक होतेच. नियमांची भाषा कोरडी असली, तरी तिच्यामागची ही समजूत मला फार उदार वाटते. कारण तिच्या दृष्टीने परत येणारा माणूस नवखा ठरत नाही आणि गुन्हेगार तर नाहीच नाही.

मग थकबाकीविषयी एवढी कडक शिस्त कशासाठी, असे कुणी विचारेल. बंधुत्वाच्या इतर संस्थांकडे पाहिले तर याचे उत्तर काही अंशी मिळते. १८१९ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या ऑडफेलोंच्या संघटनेत किंवा १८८२ मध्ये स्थापन झालेल्या नाइट्स ऑफ कोलंबसमध्ये वर्गणी म्हणजे एका अर्थी विम्याचा हप्ताच होता. सभासद आजारी पडला किंवा वारला, तर त्याच्या घराला त्याच निधीतून आधार मिळे. तिथे एकाची थकबाकी दुसऱ्याच्या विधवेच्या वाट्यातून वजा होत असे. फ्रीमेसनांचे लॉज ही विमासंस्था कधीच नव्हती, हे खरे. पण दानधर्म आणि खर्च तिथेही सभासदांच्या खिशातूनच भागतो.

पैशांचा प्रश्न मात्र बहुतेकांच्या बाबतीत एका पत्राने सुटतो. विसरण्याची भीती तशी सुटत नाही. १८१३ साली इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजांचे एकीकरण झाल्यावर विधींना एकसारखे रूप देण्यात आले, आणि ते मुखोद्गत करून पुढे नेण्याची परंपरा इतकी घट्ट रुजली की, १८२३ पासून सराव घेणाऱ्या इम्यूलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंटच्या पद्धतीचे अधिकृत पुस्तक छापले गेले ते थेट १९६९ मध्ये. अशा संस्थेत बाहेर टायलर, म्हणजे दारावरचा पहारेकरी, उभा असताना आपल्याला ओळखीची खूण आठवेल का, शब्द आठवेल का, या विचारानेच माणूस घामाघूम होतो. वस्तुतः यावरचा उपाय संस्थेतच आहे. लॉजच्या सरावाच्या बैठका असतात, तिथे चुकलेले सुधारून घेता येते, आणि कुणी जुना बंधू तासभर बाजूला बसला तर बरेचसे परत येते; पावले आधी आठवतात, शब्द मागाहून.

सर्वांत अवघड असतो तो संकोच. नोकरी, मुलांचे संगोपन, आजारपण, पैशांची ओढाताण अशा साध्या कारणांनी माणूस दूर गेलेला असतो. पण मधल्या काळात लॉजकडून त्याला केवळ थकबाकीच्या सूचनाच आलेल्या असतील, तर आपली आठवण देणेकरी म्हणूनच काढली जाते असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. आजारी आणि अडचणीतल्या बंधूंची विचारपूस करण्यासाठी इंग्लिश लॉजांत आल्मोनर हा स्वतंत्र पदाधिकारी असतो. अनुपस्थितांची पहिली चौकशी सचिवाऐवजी त्याने का करू नये, हे मला कधीच उमगलेले नाही.

याच्या उलट टोकाचा उत्साहही तितकाच घातक असतो. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास फ्रीमेसनांची संख्या ४१ लाखांवर होती, ती आज १० लाखांच्याही खाली आहे. साहजिकच रिकाम्या खुर्च्यांनी धास्तावलेले लॉज परतलेल्या माणसाच्या गळ्यात लगेच एखादे पद घालते. त्याला निदान एक वर्ष कसलीही जबाबदारी न देता बसू द्यावे. सचिवांनी पहिल्या पत्रात थकबाकीचा आकडा जरूर लिहावा, परंतु सरावाच्या पुढच्या बैठकीचा वार व वेळ, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत कोण बसणार आहे त्याचे नावही त्याच पत्रात लिहावे.