खालच्या मोहल्ल्यातच पाइप का फुटतो?

श्रोतेहो, नमस्कार.

नाल्याकाठच्या मोहल्ल्यात दर महिन्या-दोन महिन्याला पाइप फुटतो, आणि टेकडावरच्या घरांत नळ नुसती हवा सोडतो. ग्रामपंचायतीत या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून नोंदल्या जातात. दुखणं मात्र एकच आहे: खाली दाब नको तेवढा, वर हवा तेवढा नाही.

हिशेब बघा. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब. समजा, टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटरवर आहे, आत ३ मीटर पाणी आहे आणि नाल्याकाठची जमीन टाकीपाशी असलेल्या जमिनीहून १४ मीटर खाली आहे. तोट्या बंद असताना तिथल्या पाइपावर २९ मीटरचा, म्हणजे जवळपास ३ किलोचा दाब येतो. एकमजली घराला ७ मीटर पुरतो. पाइपाला ५ मिलिमीटरचं गोल भोक असेल, तर २९ मीटरला तासाला साधारण १,००० लिटर पाणी वाया जातं, १० मीटरला ६००. पीव्हीसीला उभी चीर गेली असेल तर ती दाबाने फाकते, म्हणून तिथे फरक याहूनही मोठा पडतो. त्यात आपली काळी जमीन! उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि जोड हलवते.

आधी दाब मोजा. ० ते ४ किलोचा गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची तबकडी, घ्या. १० किलोच्या गेजवर कमी दाबाला काटा जेमतेम हलतो. टाकीजवळ, सगळ्यात खोल जागी आणि सगळ्यात उंच जागी घरच्या नळाला तो लावा, त्या घरातल्या बाकी तोट्या बंद ठेवा. नळ सुटल्यावर पंधरा मिनिटांनी एकदा बघा आणि गावाचं पाणी भरून झाल्यावर पुन्हा बघा. हा दुसरा आकडा सोडू नका, कारण तोट्या बंद होतात तसा दाब चढतो आणि कच्चा जोड तेव्हाच सुटतो.

यावर बहुतेक गावांत एकच उपाय होतो: खालच्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा. तो पुरत नाही. अर्धवट व्हॉल्व्ह पाणी वाहतं तोवरच दाब खातो. वाहणं थांबलं की पलीकडे पुन्हा तेच २९ मीटर. शिवाय व्हॉल्व्ह आतून झिजतो आणि पुढे पूर्ण बंदच होत नाही.

खरा उपाय म्हणजे खालच्या मोहल्ल्याच्या फाट्यावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही. तो वाहत्या आणि थांबलेल्या, दोन्ही पाण्यात पुढचा दाब ठरवल्याप्रमाणे ठेवतो. त्याच्या आधी गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि गेज, बाजूने बायपास, म्हणजे पीआरव्हीला वळसा घालणारा व्हॉल्व्ह लावलेला पाइप, आणि पाणी निघून जाईल असा चेंबर हवा. पीआरव्हीच्या अंगावरचा बाण पाणी वाहण्याच्या दिशेला ठेवा. लाइनच्या मापाचाच घ्यायचा असं नाही. प्रवाह बघून माप ठरवा. फार मोठा घेतला तर कमी प्रवाहात तो थरथरतो आणि दाब वरखाली करतो. सुरुवातीला १ किलोवर लावा. स्क्रू पाव फेरा फिरवा, थांबा, गेज बघा, मग पुढचा पाव फेरा.

दाब उतरवण्याआधी तोटी नसलेले नळ बंद करून घ्या. नाहीतर शेवटच्या घराला पाणी पोचणार नाही आणि लोक टिल्लू पंप, म्हणजे नळाला जोडायची छोटी मोटर, लावतील. टिल्लू लाइनीतून पाणी ओढतो, दाब शून्याखाली जातो आणि गळतीच्या भोकातून नालीचं पाणी आत शिरतं. पावसाळ्यातल्या हगवणीला ही एक वाट असते.

पीआरव्ही बसल्यावर नेहमीची चूक गाळणीत होते. ती गाळाने भरली की पुढे पाणी कमी पडतं, ओरड होते, कुणीतरी बायपास उघडतो आणि तो तसाच राहतो. दाब परत ३ किलो. पहिले काही आठवडे दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा गाळणी खोला, आणि बायपासच्या चाकाला कुलूप लावून चावी नळ सोडणाऱ्या भाऊंकडेच ठेवा.