तोंडात सतरा

नमस्कार श्रोतेहो.

सोसायटीचा कारकून व्याज काढत बसलेला असतो. खिडकीतून कुणीतरी विचारतं, "भाऊ, साहेब आहेत का?" तो मान वर करून "नाहीत" म्हणतो आणि बेरीज पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतो. विचारणाऱ्याला वाटतं, दोन-तीन सेकंदांचा तर प्रश्न!

2014 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचा एक प्रयोग ऐका. लोकांना ठरावीक क्रमानं करायचं काम संगणकावर दिलं आणि मध्येच सरासरी 2.8 सेकंदांचा अडथळा आणला. क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या. पुन्हा सांगतो, तीन सेकंदही नाहीत आणि चुका दुप्पट! काम लक्षात राहतं, आपण कुठवर आलो होतो ती जागा निसटते.

आमच्या चोपडा तालुक्यातल्या खळ्यावर येणारा मापाडी ही जागा सोडत नसे. दादर ज्वारीची रास पडलेली, तो गुडघे रोवून बसायचा. पहिली पायली लाभाची. मग दोन, तीन. आणि प्रत्येक आकडा पुढची पायली भरेपर्यंत तोंडात घोळत राहायचा, "सतरा ओ सतरा, सतरा ओ सतरा..." पायली पोत्यात रिकामी झाली की मगच अठरा.

एकदा ऐन मापात शिरपूरचे मामा आले. मोठ्या आवाजात म्हणाले, "राम राम!" मापाडी त्यांच्याकडे बघतोय, पण तोंडात "सतरा ओ सतरा". मामांनी पुन्हा राम राम घातला. पुन्हा सतरा! मामांचा चेहरा उतरला, आजी आतून पाणी घेऊन धावली. रास संपली, पोती शिवली गेली. तेव्हा मापाडी उठला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि मामांपुढे हात जोडले, "राम राम, पाव्हना. तोंडमा सतरा व्हतात." मामा असे खळखळून हसले की पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी कुणी कामात असलं की नुसतं "सतरा" म्हणायचं. समोरचा गप्प बसायचा.

  

कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांना 2008 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्येमध्ये अडवलेली माणसं काम उलट भराभर उरकतात, पण ताण आणि चिडचिड वाढते. म्हणजे साहेबाला काम वेळेत झालेलं दिसतं. संध्याकाळी ती चिडचिड घरच्यांच्या वाट्याला येते. काम होतं, माणूस शिणतो. हे लक्षात असू द्या.

तेव्हा कुणी हाक मारली तर मान वर करण्याआधी बोट त्या ओळीवर ठेवा, नाहीतर शेवटचा आकडा कागदाच्या कडेला टिपून घ्या. आणि खिडकीबाहेर आपण उभे असलो, तर आतल्याची बेरीज संपू द्या.

नमस्कार.