किलवर नसताना ‘दोन किलवर’

(दृश्य: हिरवं कापड घातलेलं टेबल. चार खेळाडू. कुणी बोलत नाही.)

मेंढीकोट खेळताना भिडूला डोळा मारून खूण करणं ही आपल्याकडे अर्धी मजा. पकडले गेलात तर आरडाओरडा, हशा, की पुढचा डाव सुरू. ब्रिजच्या स्पर्धेत तसा डोळा मारलात तर खेळणंच बंद होईल. भिडूला काय सांगायचं ते बोलीतून सांगा, आणि बोलीसुद्धा तोंडाने नाही. शेजारच्या डबीतून छापील पत्ता काढून टेबलावर ठेवायचा.

(दृश्य: बोलीची डबी, जवळून.)

सगळी भाषा या डबीत मावते. एक किलवरपासून सात नो-ट्रम्पपर्यंत 35 बोल्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल. बोलीतला आकडा म्हणजे सहाच्या वर आणखी किती हात करणार, आणि नो-ट्रम्प म्हणजे हुकूमच नाही. झाले 38 शब्द. आणि वर्णन करायचंय हातातल्या 13 पानांचं, ज्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात 63,500 कोटींहून जास्त. शब्द पुरणार कसे? मग एखाद्या शब्दाचा सरळ अर्थ काढून घ्यायचा आणि त्याला दुसरं काम द्यायचं. याला म्हणतात कन्व्हेन्शन.

एक डाव बघू. खेळाडूंना दिशांची नावं असतात; समोरासमोरचे दक्षिण आणि उत्तर हे भिडू.

(दृश्य: दक्षिणेची पानं उघडी.)

एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. पूर्ण जोडात 40. दक्षिणेकडे आहेत 16: राजा-राणीसह चार इस्पिक, बदामचा एक्का आणि सत्ती, राजा-गुलामासह चार चौकट, राजासह तीन किलवर. बोली: एक नो-ट्रम्प. म्हणजे 15 ते 17 गुण आणि सगळ्या रंगांची बऱ्यापैकी सारखी वाटणी.

समोर उत्तरेकडे 11 गुण. एक्का-गुलामासह चार इस्पिक, बदामची नुसती अठ्ठी आणि पंजी, राणी-दश्शीसह तीन चौकट, एक्क्यासह चार किलवर. दोघांचे मिळून 27. साधारण 25 झाले की ‘गेम’ गाठायचा, कारण त्याचं बक्षीस मोठं: 300 किंवा 500. त्याखाली थांबलात तर अवघे 50.

सरळ तीन नो-ट्रम्प म्हणून टाकावं का? नवव्या हातावर गेम होतो. पण बदाम बघा. दोघांचे मिळून चार, आणि अडवायला एकटा एक्का. विरोधक बदामच उतरणार. इस्पिकचे चार हात, बदामचा एक, किलवरचे दोन, झाले सात. पुढचे चौकटीतून काढावे लागतील, आणि चौकटीचा एक्का विरोधकांकडे. तो आला की साठवून ठेवलेले बदाम धडाधड खाली. डाव बुडाला.

म्हणून उत्तरेकडचा भिडू म्हणतो, दोन किलवर.

किलवरशी याचा काही संबंध नाही. हा प्रश्न आहे: “तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का?” दक्षिण सांगतो, दोन इस्पिक. उत्तरेकडचा भिडू थेट चार इस्पिकवर जातो. आता हुकूम इस्पिक. बदामचा एक हात जातो, दुसरा येतो तोवर दोघांकडचे बदाम संपलेले, तिसऱ्याला हुकूम मारायला तयार. विरोधकांचे हुकूम तीन-दोन असे विभागलेले असले की इस्पिकचे चार, बदामचा एक, चौकटीचे तीन, किलवरचे दोन. बरोब्बर दहा.

या प्रश्नाला ‘स्टेमन’ म्हणतात. सॅम स्टेमन यांनी 1945 मध्ये एका अमेरिकन मासिकात तो मांडला. कल्पना मुळात त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची, पण लेख लिहिला स्टेमननी. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं!

इंडियानापोलिसच्या इझली ब्लॅकवुड यांची चार नो-ट्रम्पची युक्ती त्याहून जुनी, 1933 ची. “एक्के किती?” एवढाच तिचा प्रश्न. नवशिक्यांना ती फार आवडते, आणि घात तिथेच होतो. एक्के किती ते कळतं, कुठले ते कळत नाही. तुमच्याकडे चौकटीची नुसती दुर्री-तिर्री असेल आणि भिडू “एक एक्का” म्हणाला, तर तो चौकटीचा की किलवरचा? तोवर तुम्ही पाचच्या पातळीवर जाऊन बसलेले असता. माझं मत विचाराल तर ब्लॅकवुड शिकायला दहा मिनिटं लागतात, आणि कधी विचारू नये हे कळायला दहा वर्षं.

(दृश्य: टेबलावर तिरका लावलेला पडदा.)

कन्व्हेन्शन गुप्त नसतं. विरोधकांनी विचारलं तर भिडूच्या बोलीचा अर्थ सांगावाच लागतो. गुप्त ठेवायची ती बाकीची बडबड: उसासा, भुवई, पत्ता आपटून ठेवणं. भिडू बराच वेळ घुटमळून पास म्हणाला, तर त्या घुटमळण्यावरून तुम्ही काही ओळखलं तरी त्याचा फायदा घ्यायचा नाही. नियमच आहे. 1975 च्या बर्म्युडा बाऊल या ब्रिजच्या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर पडदे लावले. तेव्हा इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला. मग टेबलाखाली, मधोमध, कॉफीची छोटी टेबलं सरकवावी लागली.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा साठीचे होते.

(दृश्य: पुन्हा तेच टेबल, नवा डाव.)

दक्षिणेने पुन्हा एक नो-ट्रम्प म्हटलंय. उत्तरेकडे या खेपेला पाच गुण, आणि सहा किलवर. दोन किलवरवर डाव छान थांबला असता. पण तो शब्द आता किलवरचा राहिलेला नाही, प्रश्नाचा झालाय. बोट डबीपाशी जातं, क्षणभर रेंगाळतं, आणि हिरवा पत्ता बाहेर येतो. पास.