रॅम किती हवी?

(दृश्य: तळहातावर रॅमची पट्टी, कॅमेरा हळूहळू जवळ)

वीतभरही लांब नाही ही रॅमची पट्टी. चालू कामाची माहिती संगणक हिच्यात तात्पुरती ठेवतो. खालच्या कडेला सोनेरी पिना, दोन्ही बाजूंच्या मिळून २८८. आता ही खाच बघा. डीडीआर४ आणि तिच्यानंतरची पिढी डीडीआर५, डेस्कटॉपच्या पट्ट्यांत दोन्हींच्या पिना २८८च, पण खाचेची जागा वेगळी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. अडली तर जोर लावू नका.

या काळ्या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी, म्हणजे प्रत्येक ० किंवा १साठी, एक कप्पा: त्यात एक ट्रान्झिस्टर, म्हणजे इवलासा स्विच, आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं. कपॅसिटरमधला विद्युतभार झिरपून जातो, म्हणून डीडीआर४मध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीत असे कप्पे ६,८०० कोटींहून जास्त! आपण स्क्रीनकडे नुसतं बघत बसलो तरी त्यांची भरणी चालूच असते.

(दृश्य: टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आलेख)

हा ४ जीबीचा जुना संगणक. आणि हा विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला आलेख, किती रॅम वापरात आहे ते दाखवणारा. ब्राउझर उघडला. दुसरा टॅब, पाचवा, दहावा... रेषा चढत चाललीय. बारावा. टेकली वर.

आणि इकडे डिस्कचा दिवा बघा, विझायचं नाव नाही. रॅममध्ये मावेना ते डिस्कवर ठेवायचं, लागलं की परत आणायचं. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, असली तरी ही ये-जा रॅमपेक्षा कित्येक पटींनी मंद. फिरती हार्डडिस्क असेल तर विचारूच नका. इथेच आपण म्हणतो, "मशीन म्हातारं झालं." आणि धडधाकट संगणक अडगळीत जातो.

म्हणून आकडा दुकानात नव्हे, या आलेखासमोर ठरवा. रोजची सगळी कामं एकदम उघडा आणि 'कमिटेड' हा आकडा बघा, म्हणजे चालू प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी. डिस्कवर सरकवलेलंही त्यात धरलेलं असतं. नुसती रेषा वर दिसली म्हणून घाबरू नका.  पण कमिटेड रॅमच्या पुढे गेलं आणि दिवाही थांबेना, तर जागा खरंच कमी आहे.

लेखन, हिशेब, वेब एवढंच असेल तर ८ जीबीत भागतं. टॅब मिटवायची सवय नसेल, तर १६ घ्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक, असेल, तर ३२चा विचार करा. त्यापुढची रॅम रिकामी पडून राहणार असेल, तर तिने वेग वाढत नाही.

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन जोडलेली असते. तिथे पहिल्या दिवशीचा आकडाच कायमचा.

(दृश्य: दुसरी पट्टी स्लॉटमध्ये, क्लिपचा आवाज)

जुन्या पट्टीच्या जोडीला तशीच ४ जीबीची दुसरी. बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या स्लॉटच्या जोडीत बसवली, की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो.

तोच संगणक. तेच बारा टॅब.

(दृश्य: डिस्कचा दिवा, अधूनमधून लुकलुकणारा)